मोत माउली: दंतकथेचं मूळ शोधायचं म्हणजे नेमकं काय शोधायचं?

(भूगाव येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. आज आपण नेमकं तेच विचारणार आहोत, आणि तेही एका देवीबद्दल. म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही इथे कोणाच्या श्रद्धेचं मोजमाप करायला उभे नाही. श्रद्धेच्या नावाने जे युक्तिवाद केले जातात, ते आम्हाला तपासायचे आहेत. श्रद्धा ठेवणारा माणूस युक्तिवाद करत नाही, तो नमस्कार करतो. युक्तिवाद करणारे वेगळे असतात, आणि त्यांना प्रश्न विचारायची मुभा आपल्याला असलीच पाहिजे.

विषय आहे बांद्र्याच्या टेकडीवरची मोत माउली, म्हणजे माउंट मेरी. तिथली सप्टेंबरातली जत्रा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. ८ सप्टेंबर हा मेरीचा जन्मदिवस, त्याच्या आसपास आठवडाभर ही जत्रा भरते. मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची घरं, मेणाची बाळं विकायला असतात. ज्याचं जे दुखतं किंवा ज्याला जे हवं, त्याने ते वाहायचं. आपल्याकडे देवीला चांदीचे डोळे वाहतात, पाळणा बांधतात, त्यातलाच हा प्रकार. रांगेत हिंदू असतात, मुसलमान असतात, पारशी असतात. आज दिसणारी इमारत १९०४ सालची, आणि तिचा वास्तुकार पारशी होता. १९५४ मध्ये तिला बॅसिलिकेचा दर्जा मिळाला.

कथा काय आहे

कथा थोडक्यात अशी. एका कोळ्याला स्वप्न पडलं, की समुद्रात तुला एक मूर्ती सापडेल. पुढे खरोखरच मूर्ती समुद्रात तरंगताना सापडली आणि ती टेकडीवर आली. काळ सांगितला जातो तो १७०० ते १७६० च्या दरम्यानचा.

इथे कोळी म्हणजे सोनकोळी, समुद्रावर मासेमारी करणारे, मुंबई बेटांचे मूळ रहिवासी. आपल्या मुळशीच्या डोंगरातले महादेव कोळी वेगळे. नाव एक म्हणून दोघांना एकत्र करू नये.

या कथेच्या शेजारी दुसरा एक वृत्तांत चालतो, तो चर्चच्या परंपरेचा. सोळाव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी पोर्तुगालहून मूर्ती आणली आणि टेकडीवर लहानसं प्रार्थनास्थळ बांधलं. १७०० च्या सुमारास अरब चाचे आले. मूर्तीच्या हातातली सोनेरी वस्तू सोन्याची आहे असं समजून त्यांनी तिचा उजवा हात तोडला. पुढे १७६० च्या सुमारास देऊळ पुन्हा उभं राहिलं, तेव्हा खाली गावातल्या सेंट अँड्र्यू चर्चमधली दुसरी मूर्ती वर आणली. ती होती नाविकांची माता. कालांतराने जुन्या मूर्तीची दुरुस्ती झाली आणि तिला तिची जागा परत मिळाली.

मधल्या काळात आणखी एक घटना घडली. १७३७ ते १७३९ ही चिमाजीअप्पांची साष्टी-वसईची मोहीम. त्या धामधुमीत टेकडीवरचं देऊळ पडलं आणि तिथली मेरीची प्रतिमा माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये ठेवली गेली. ती १७६१ पर्यंत तिथे होती, असं त्या चर्चच्या इतिहासात सांगतात.

आता हे सगळं शेजारी शेजारी ठेवून बघा. मूर्ती पोर्तुगालहून आली. मूर्ती समुद्रातून आली. मूर्ती खालच्या चर्चमधून आली. प्रतिमा माहीमहून परत आली. कोळ्याला सापडली ती कोणती, जुनी की नाविकांची? सांगणारे कधी ही म्हणतात, कधी ती. एकाच देवीच्या येण्याच्या चार वाटा आहेत. यातली खरी कोणती, असा प्रश्न लगेच मनात येतो, पण तो घाईचा प्रश्न आहे.

पुराव्याची एक गंमत

अनेक ठिकाणी असं छापलेलं आढळतं, की मूर्ती समुद्रात सापडल्याच्या कथेला १६६९ सालच्या एका जेझुइट पत्राचा आधार आहे. वाचणारा मान डोलावतो, पुढे जातो. जरा थांबा. घटना १७०० ते १७६० मधली आणि तिचा पुरावा १६६९ चा? बारशाच्या आधीच बाळाचं नाव दाखल्यावर कसं आलं? एकतर पत्र दुसऱ्याच कशाबद्दल असलं पाहिजे, नाहीतर कथेला चिकटवलेला काळ चुकीचा असला पाहिजे. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. तरी ही दोन वाक्यं एकाच परिच्छेदात सुखाने नांदतात आणि एका लेखातून दुसऱ्या लेखात जातात.

यात कोणाचा लबाड हेतू आहे असं आम्ही म्हणत नाही. पवित्र गोष्टीजवळ आलो की आपण हिशेब करणं थांबवतो, एवढंच यातून दिसतं. भाविकाने थांबवावा, तो त्याचा अधिकार. अभ्यासकाने थांबवला तर त्याचं कामच संपलं.

'मोत' म्हणजे मोती?

नावाचं तसंच आहे. मोत म्हणजे मोती, म्हणून मोत्यांची आई, असं सांगतात. गोड आहे. समुद्र, मोती, माउली, सगळं जुळतं. पण इतकं सहज जुळणाऱ्या व्युत्पत्तीला भाषेच्या अभ्यासकाने जरा घाबरूनच असावं.

मंगळूरकडचे कोकणी ख्रिश्चन हाच ८ सप्टेंबरचा सण 'मोंती फेस्त' म्हणून साजरा करतात. नव्या पिकाच्या लोंब्या आशीर्वादासाठी आणतात. तिथल्या 'मोंती'चा मोत्याशी काहीही संबंध नाही. फरंगीपेठेच्या मोंते मारियानो या जागेवरून ते नाव आलं, आणि पोर्तुगीज भाषेत 'मोंते' म्हणजे डोंगर. बांद्र्याची देवी तर टेकडीवरचीच. मग 'मोंते'चं 'मोत' झालं असावं, हा आम्हाला अधिक सरळ रस्ता दिसतो. हे आमचं अनुमान आहे, सिद्धांत नव्हे. पण ते बरोबर असेल, तर मोती नंतर आला. परक्या शब्दाचा अर्थ लागेना, म्हणून लोकांनी त्यात आपला अर्थ भरला. शब्द पाद्र्याचा, अर्थ कोळ्याचा. आणि त्यापुढचा 'माउली' हा शब्द तर अस्सल आपला.

तीन उत्तरं

अशा कथांच्या उगमाबद्दल साधारण तीन उत्तरं दिली जातात.

पहिलं उत्तर: हे घडलं. चमत्कार झाला. यावर इतिहासाला हो किंवा नाही म्हणता येत नाही, कारण ते त्याच्या साधनांच्या कक्षेबाहेर आहे. आपणही ते बाजूला ठेवू.

दुसरं उत्तर: हे रचलं. पाद्र्यांनी भोळ्या लोकांना धर्मात आणण्यासाठी कथा बनवली.

तिसरं उत्तर: हे झाकलं. आधी तिथे आपलीच देवी होती, तिच्यावर मेरीचं लुगडं नेसवलं. कोळी अजून मनातून जुन्या देवीलाच हात जोडतात.

दुसरं आणि तिसरं उत्तर ही आज चर्चेत चालणारी नाणी आहेत. त्यांना खणखणीत वाजवून पाहायचं, तर अशा ठिकाणी जावं लागेल जिथे कागदपत्रं भरपूर आहेत. ते ठिकाण म्हणजे मेक्सिको.

तेपेयाकची टेकडी

कथा अशी, की डिसेंबर १५३१ मध्ये हुआन दिएगो नावाच्या एका मूळ रहिवासी माणसाला तेपेयाकच्या टेकडीवर मेरीने दर्शन दिलं. बिशप सुमारागा विश्वास ठेवीना. तेव्हा हुआन दिएगोने पांघरुणात फुलं नेली, आणि फुलं खाली पडताच पांघरुणावर मेरीचं चित्र उमटलेलं दिसलं. ही ग्वादालूपेची माता.

आता कागद बघू. सुमारागाच्या उपलब्ध लिखाणात या घटनेचा उल्लेख नाही. १५५६ मध्ये फ्रान्सिस्को दे बुस्तामांते या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने या भक्तीविरुद्ध प्रवचन केलं, आणि हे चित्र एका स्थानिक चित्रकाराने काढलेलं आहे असं सांगितलं. १५७६ च्या सुमारास सहागुन या मिशनरी विद्वानाने तक्रार लिहून ठेवली, की लोक या देवीला 'तोनान्त्सिन' म्हणतात, हे जुन्या देवीचं नाव आहे, आणि यात मूर्तिपूजा लपली आहे. दर्शनाची सविस्तर कथा छापली गेली ती १६४८ मध्ये स्पॅनिशमध्ये आणि १६४९ मध्ये नाहुआत्ल या तिथल्या लोकभाषेत. घटना आणि छपाई यांत शंभराहून जास्त वर्षं.

यावरून 'पाद्र्यांनी रचलं' हे उत्तर किती टिकतं? जरा बघा कोण कोणाविरुद्ध उभं आहे. बुस्तामांते पाद्री, सहागुन पाद्री, आणि दोघेही या भक्तीचे विरोधक. तिला पाठिंबा देणारा आर्चबिशप मोंतुफार, तोही पाद्रीच. चर्च एकमताने कट करत नव्हतं, ते आपसात भांडत होतं. १८८३ मध्ये ज्याने कथेविरुद्धचे सगळे पुरावे मांडले, तो इकास्बाल्सेता स्वतः श्रद्धावान कॅथलिक इतिहासकार होता. तरीही २००२ मध्ये हुआन दिएगोला संतपद मिळालं. 'पाद्री' नावाचा एक धूर्त माणूस कुठेतरी बसून कथा रचतो, हे चित्र सोयीचं आहे, पण कागद त्याला साथ देत नाहीत.

आणि 'जुनी देवी झाकली' हे उत्तर? त्याचा मुख्य साक्षीदार सहागुन. पण तोनान्त्सिन या शब्दाचा साधा अर्थ आहे 'आपली आई', आदराने. अलीकडच्या अभ्यासकांनी दाखवलं आहे, की नाहुआत्ल बोलणारे ख्रिश्चन हा शब्द मेरीसाठी सरळ संबोधन म्हणून वापरत होते. शब्द ऐकून मिशनऱ्याला जुनी देवी दिसली, कारण तो तीच शोधत होता.

आपल्याकडे हे समजायला काही अडचण नाही. माउली म्हणजे कोण? ज्ञानेश्वर माउली. विठ्ठलही माउली. वारीच्या वाटेवर तर शेजारचा अनोळखी माणूसही माउली, 'माउली, जरा सरका' म्हणतो आपण. आता कोणी म्हणेल, की आळंदीला आधी 'माउली' नावाची देवी होती आणि तिच्यावर ज्ञानेश्वर बसवले, तर आपण हसू. मग बांद्र्याच्या माउलीबद्दल तोच तर्क ऐकताना का हसत नाही?

कथेवरून देऊळ सिद्ध होत नाही

इथे गैरसमज होऊ देऊ नका. पोर्तुगीज राजवटीत देवळं पाडली गेली नाहीत, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. गोव्यात साष्टीतली देवळं १५६७ मध्ये मोठ्या प्रमाणावर उद्ध्वस्त झाली, याची नोंद खुद्द पोर्तुगीजांनीच ठेवली आहे. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्याला गेली, आणि अजून दरवर्षी छत्र्या घेऊन मिरवणूक निघते. तो अन्याय होता, आणि तो अन्याय म्हणूनच सांगितला पाहिजे. पण तो आपण सांगू शकतो, कारण नोंद आहे, जागा आहे, जिवंत विधी आहे. दामोदर कोसंबींनी पुण्याभोवतीच्या मातृदेवतांची ठाणी पायी हिंडून पाहिली. त्यांनी प्राचीनतेचा दावा केला तो नुसत्या कथेवर नव्हे. त्या ठाण्यांजवळ सापडणारी बारीक दगडी हत्यारं त्यांनी गोळा केली. १९६२ चं त्यांचं 'मिथ अँड रिअॅलिटी' वाचा. याला म्हणतात पुरावा. कोळ्याला स्वप्न पडलं, म्हणून इथे देऊळ होतं, याला पुरावा म्हणत नाहीत.

शिवाय 'आधी कोण' हा निकष एकदा हातात घेतला, की तो दुधारी असतो. याच कोळ्यांची एकवीरा कार्ल्याला आहे, आपल्या डोंगराच्या पलीकडेच. चैत्रात पालखी असते. देऊळ कुठे आहे? दोन हजार वर्षांच्या बौद्ध चैत्याच्या अगदी दारात. 'आधी ज्याचं, त्याचं' हा न्याय बांद्र्याला लावणारा माणूस कार्ल्याला आला, की एकदम गप्प होतो. जो न्याय आपल्या दाराशी येताच तोंड मिटतो, त्याला न्याय म्हणता येत नाही.

मग कथा काय करते?

आम्हाला वाटतं, की 'कथा कुठून आली' याआधी 'कथा कोणतं काम करते' हे विचारावं. आणि त्यासाठी चार वयं वेगळी मोजावीत: जागेचं वय, मूर्तीचं वय, विधीचं वय आणि कथेचं वय. आपण एकाचं वय दुसऱ्याला लावतो आणि मग भांडतो. सोळाव्या शतकातली मूर्ती, अठराव्या शतकातली कथा आणि १९०४ ची इमारत एकाच टेकडीवर आरामात राहतात.

आता अठराव्या शतकातल्या बांद्र्याची अवस्था डोळ्यांसमोर आणा. मूर्तीचा हात तुटलेला. देऊळ पडलेलं. प्रतिमा खाडीपलीकडे गेलेली. सत्ता पोर्तुगीजांची जाऊन मराठ्यांची आलेली. शेवटी वर आणलेली मूर्ती वेगळीच, खालच्या चर्चमधली. भक्ताच्या मनात काय येईल? ही तीच का? हिला इथे बसायचा अधिकार कोणी दिला?

या प्रश्नाला 'पाद्रीबाबांनी ठरवलं' हे उत्तर पुरत नाही. 'समुद्राने दिलं' हे पुरतं. आणि ज्याचं पोट समुद्रावर, त्याच्याच स्वप्नात ते आधी आलं, म्हणजे अधिकाराची साखळी पाद्र्याला वगळून थेट कोळ्यापर्यंत पोचली. मूर्ती नाविकांची माता होती, हेही लक्षात घ्या. समुद्रावरच्या लोकांना ती आपली वाटायला फार कष्ट पडले नसतील.

ही रीत आपल्या ओळखीची आहे. तिला आपण दृष्टांत म्हणतो. अष्टविनायकातला महडचा वरदविनायक घ्या. परंपरा सांगते, की १६९० मध्ये धोंडू पौडकरांना तो तळ्यात सापडला. आडनाव ऐकलंत ना? पौडकर! महडला पुढे १७२५ मध्ये रामजी महादेव बिवलकर या सुभेदारांनी देऊळ बांधलं. आधी पाणी, मग साधा माणूस, मग सत्ताधारी. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीने परत दिल्या, त्यातही पाण्याचा निकाल धर्मशास्त्र्याच्या निकालाच्या वर ठेवला आहे. पाणी आपल्याकडे शेवटचं न्यायालय आहे.

म्हणजे ही कथा मुळात हिंदू म्हणायची का? तेवढी घाई नको. ब्राझीलमध्ये १७१७ साली पाराइबा नदीत तीन कोळ्यांच्या जाळ्यात मेरीची मूर्ती आली. आधी धड आलं, मग पुढच्या जाळ्यात डोकं. तीच आज ब्राझीलची अधिदेवता, आपारेसिदा. तीही पोर्तुगीज दुनियाच, काळही तोच. आणि स्पेनमध्ये तर गुराख्याला मूर्ती सापडते, अधिकारी आधी विश्वास ठेवत नाहीत, मग ठेवतात, असा कथांचा जुना साचाच आहे. तिथल्या मूळ ग्वादालूपेची कथा तीच. म्हणजे युरोपातून आलेल्या पाद्र्याला ही कथा ओळखीची वाटली, आणि कोकणातल्या कोळ्यालाही ओळखीची वाटली. दोघांनी एकाच गोष्टीला मान डोलावली, आपापल्या कारणाने. आमच्या मते या कथेचा उगम दोन्ही बाजूंनी एकदम 'हे आम्हाला माहीत आहे' असं म्हटलं गेलं, त्या क्षणात आहे. एका बाजूच्या लबाडीत किंवा दुसऱ्या बाजूच्या भोळेपणात तो शोधून सापडणार नाही.

कोळी कुठे गेला?

दुसऱ्या आणि तिसऱ्या उत्तरावरचा आमचा खरा आक्षेप आता सांगतो. 'पाद्र्यांनी रचलं' यात कोळी मूर्ख ठरतो. 'जुनी देवी झाकली' यात तो एकतर फसलेला ठरतो किंवा ढोंगी, तोंडाने मेरी म्हणतो आणि मनात दुसरंच. दोन्हींमध्ये विचार करणारा माणूस म्हणून तो शिल्लकच राहत नाही. कथेत तर तोच नायक आहे! स्वप्न त्याचं, जाळं त्याचं, होडी त्याची. ज्यांच्या तोंडून कथा आली, त्यांनाच विश्लेषणातून हाकलून देणारं विश्लेषण आम्हाला मान्य नाही.

आज हे महत्त्वाचं का? कारण या टेकडीखाली चिंबईचा कोळीवाडा आहे. समोर २००९ पासून वांद्रे-वरळी सागरी सेतू उभा आहे. मुंबईचे कोळीवाडे आपल्या होड्या लावायच्या आणि मासळी वाळवायच्या जागेसाठी झगडत आहेत. अशा वेळी 'समुद्राने आईला आमच्या हातात दिलं' ही कथा म्हणजे या किनाऱ्याशी असलेल्या नात्याचा दाखला आहे. धर्माच्या वादात एक बाजू ती चर्चची म्हणते, दुसरी बाजू ती आपल्या जुन्या देवीची म्हणते, आणि दोघांच्या ओढाताणीत तो दाखला कोळ्याच्या हातून सुटतो.

एक प्रश्न

श्रोत्यांतून एका ताईंनी विचारलं: सर, पुरावा नाही म्हटल्यावर कथा खोटीच ना? मग जत्रेला जाणाऱ्यांना काय सांगायचं?

ताई, मुळाचा प्रश्न वेगळा आणि मोलाचा प्रश्न वेगळा. विल्यम जेम्सने १९०१-०२ मध्ये एडिंबरोला धर्मानुभवावर व्याख्यानं दिली, त्यांच्या सुरुवातीलाच हा भेद केला आहे. एखादी गोष्ट कुठून आली, यावरून तिची किंमत ठरत नाही. पण याची दुसरी बाजूही धरा. किंमत मोठी आहे, म्हणून मूळ खरं, असंही होत नाही. लाखो लोक जातात हा इतिहासाचा पुरावा नव्हे, आणि पुरावा नाही हा लाखो लोकांचा अपमान नव्हे. जत्रेला जाणाऱ्याला काहीच सांगू नका, त्याच्याबरोबर पायऱ्या चढा. सांगायचं असेल तर त्याला सांगा, जो ही कथा हातात धरून दुसऱ्याला टेकडीवरून खाली उतर म्हणतो. त्याला विचारा, तुझा पुरावा कोणता? आणि तारीख नीट तपासून घे म्हणावं, घटनेच्या आधीची नको.